भाड्याच्या घरातली गळती, ओल, पडका स्लॅब : तक्रार कुठे करायची आणि तिचा माग कसा ठेवायचा

पावसाळा तोंडावर आला की नगरच्या मुकुंदनगर, झेंडीगेट, कोठला, सर्जेपुरा या भागांतल्या भाड्याच्या घरांत दरवर्षी तोच विषय निघतो. छत गळतंय, भिंतीला ओल आलीय, स्लॅबचे पोपडे पडून सळया दिसतायत, चेंबर तुंबून घाण पाणी न्हाणीत येतंय. श्रीरामपूर, संगमनेर, कोपरगावातही वेगळं चित्र नाही. मालकाला फोन केला, तो म्हणाला "बघू", आणि बघता बघता पुढचा पाऊस आला. आपल्यातल्या बऱ्याच कुटुंबांची तक्रार इथेच संपते, कारण ती कुठे लिहिलेलीच नसते. उद्या कुणी विचारलं की मालकाला केव्हा सांगितलं, तर दाखवायला हातात काही नसतं.

दुसरी गोष्टही उघड बोलायला हवी. मुसलमान कुटुंबाला घर भाड्याने मिळणं अनेक ठिकाणी सोपं नाही. म्हणून मिळालेलं घर जाईल या भीतीने लोक गप्प बसतात. ही भीती खोटी आहे असं आम्ही म्हणणार नाही. पण भाडेकरूला कायद्याने काय दिलंय आणि मोबाईलवरून घरबसल्या काय करता येतं, हे माहीत असलं की ती बरीच कमी होते. शिवाय काही तक्रारींचा मालकाशी संबंधच नसतो, त्या थेट सरकारी कार्यालयाकडे करायच्या असतात. म्हणून कोणतं काम कोणाचं, हे आधी बघू.

घराच्या आतलं आणि इमारतीचं काम, म्हणजे छप्पर, भिंती, जिना, टाकी, इमारतीच्या आतली पाइपलाइन, हे मालकाचं. रस्त्यावरची गटार, मुख्य ड्रेनेज लाइन, नळाला येणारं गढूळ पाणी, कचरा, शेजारची पडायला आलेली भिंत हे महापालिकेचं किंवा नगरपरिषदेचं. विजेच्या खांबापासून मीटरपर्यंतची वायर आणि मीटर महावितरणचं, मीटरच्या पुढची घरातली वायरिंग मात्र पुन्हा मालकाची. चुकीच्या दारावर गेलेली तक्रार दोन-तीन आठवड्यांनी "आमच्या अखत्यारीत नाही" असा शेरा घेऊन परत येते आणि तेवढे दिवस फुकट जातात.

मालकाकडे तक्रार : फोन नको, लेखी द्या

महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ चं कलम १४ प्रत्येक भाडेकरूला माहीत असलं पाहिजे. घर राहण्यालायक आणि दुरुस्त ठेवणं ही मालकाची जबाबदारी आहे, असं ते स्पष्ट सांगतं. मालक टाळाटाळ करत असेल तर भाडेकरू त्याला नोटीस देऊ शकतो, किंवा एकाच इमारतीतले सगळे भाडेकरू मिळून देऊ शकतात. नोटीस दिल्यापासून किमान पंधरा दिवसांची वाजवी मुदत द्यावी लागते. त्यातही काम झालं नाही तर भाडेकरू स्वतः दुरुस्ती करून घेऊन तो खर्च भाड्यातून वळता करू शकतो. मर्यादा एवढीच की एका वर्षात वळती केलेली रक्कम त्या वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशाहून जास्त नसावी. महिना ६,००० रुपये भाडं असेल तर वर्षाचे ७२,००० होतात. म्हणजे १८,००० रुपयांपर्यंत. गच्चीचं वॉटरप्रूफिंग किंवा न्हाणीची पाइपलाइन बदलणं एवढ्यात बहुधा बसतं.

हा हक्क वापरायचा तर नोटीस दिल्याचा पुरावा हवा. नोटीस टपालाने किंवा अन्य मार्गाने देता येते असं कलमातच म्हटलंय. आमचा सल्ला असा की दोन्ही करा. आधी व्हॉट्सॲपवर फोटोसकट मजकूर पाठवा आणि तोच मजकूर कागदावर उतरवून पोस्टाने पाठवा. १ सप्टेंबर २०२५ पासून रजिस्टर्ड पोस्ट स्पीड पोस्टमध्येच मिसळली आहे, त्यामुळे काउंटरवर स्पीड पोस्ट म्हणायचं आणि पोचपावती हवी असल्याचं सांगायचं. पावतीवरचा क्रमांक भारतीय टपालाच्या संकेतस्थळावर टाकला की पत्र कुठे पोचलं, केव्हा दिलं, घ्यायला नकार दिला का, हे दिसतं. त्या पानाचा स्क्रीनशॉट त्याच दिवशी काढून ठेवा.

मजकूर साधा असू द्या, राग नको. असा चालेल :

"आदरणीय साहेब, आपल्या अमुक पत्त्यावरील घरात मी अमुक महिन्यापासून भाड्याने राहतो. दिनांक अमुकपासून मागच्या खोलीच्या छतातून पाणी गळत आहे आणि स्लॅबचा तुकडा पडला आहे. फोटो सोबत जोडले आहेत. घरात लहान मुलं आहेत. याआधी अमुक तारखेला आपणांस फोनवर कळवलं होतं. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम १४ नुसार ही दुरुस्ती पत्र मिळाल्यापासून पंधरा दिवसांत करून द्यावी, ही विनंती. तसं न झाल्यास दुरुस्ती करून घेऊन तो खर्च कायद्याच्या मर्यादेत भाड्यातून वळता करावा लागेल."

दुरुस्ती स्वतः करायची वेळ आलीच तर दोन मिस्त्रींकडून खर्चाचा अंदाज लेखी घ्या, पैसे शक्यतो ऑनलाइन द्या, बिल घ्या आणि कामाआधीचे-नंतरचे फोटो ठेवा. आणि भाडं थांबवू नका. "दुरुस्ती नाही तर भाडं नाही" असं म्हणून सगळंच भाडं बंद करणारा भाडेकरू थकबाकीदार ठरतो आणि मालकाला घर खाली करून मागायचं कारण आयतं मिळतं. बिलाएवढंच वळतं करा, बाकीचं वेळेवर द्या आणि पावती मागा. भाड्याची पावती देणं मालकाला कायद्याने बंधनकारक आहे.

तक्रार केली म्हणून मालकाने पाणी तोडलं, जिन्यातला दिवा काढला, संडासचा वापर बंद केला, तर तो कलम २९ खाली येतो. योग्य कारणाशिवाय अशा आवश्यक सोयी तोडता येत नाहीत आणि त्या परत चालू करण्याचा आदेश न्यायालयाकडून मिळवता येतो. नगर जिल्ह्यात त्यासाठी जागा आहे दिवाणी न्यायाधीश, कनिष्ठ स्तर यांचं न्यायालय.

आता अकरा महिन्यांच्या करारावर राहणाऱ्यांविषयी. हल्ली बहुतेक नवी घरं 'लीव्ह अँड लायसन्स'वर दिली जातात. अशा करारात तुम्ही कायद्याच्या भाषेत भाडेकरू नसता, परवानाधारक असता, आणि मुदत संपली की घर सोडावं लागतं. कलम १४ चा आधार इथे सरळ मिळेल असं धरून चालू नका. तुमचं संरक्षण करारातल्या ओळींमध्ये आहे. म्हणून सही करण्याआधी एक वाक्य घालून घ्या : छत, भिंती, ड्रेनेज आणि वायरिंगची दुरुस्ती मालक लेखी कळवल्यापासून इतक्या दिवसांत करेल, न केल्यास परवानाधारक करून घेईल आणि खर्च भाड्यातून वजा होईल. करार करताना मालक सहसा नाही म्हणत नाही. सहा महिन्यांनी म्हणतो.

करार लेखी आणि नोंदणीकृत असणं कलम ५५ नुसार सक्तीचं आहे आणि नोंदणीची जबाबदारी मालकाची आहे. नोंदणी केली नसेल तर अटींबाबत वाद झाल्यावर भाडेकरूचं म्हणणं ग्राह्य धरलं जातं, जोवर उलट सिद्ध होत नाही. नोंदणी आता ऑनलाइन होते, मालक आणि भाडेकरू दोघांच्या आधार आणि बोटांच्या ठशावर. नोंदणी फी महापालिका हद्दीत १,००० रुपये, ग्रामीण भागात ५००. मुद्रांक शुल्क एकूण रकमेच्या पाव टक्का. एवढ्यासाठी कोऱ्या स्टॅम्पपेपरवर सह्या करून मोकळं होणं परवडत नाही. सूरह बकराच्या २८२ व्या आयतीत देणं-घेणं लिहून ठेवायला सांगितलंय, हे आपल्याला शिकवायची गरज नाही. तरी घराच्या बाबतीत आपण शब्दावर राहतो.

महापालिका, नगरपरिषद, छावणी

कोणाच्या हद्दीत आहोत याचा गोंधळ नगरमध्ये फार होतो. मुकुंदनगर महापालिकेत, पण शेजारच्या भिंगारचा मोठा भाग छावणी परिषदेचा. सोपा उपाय म्हणजे घरपट्टीच्या बिलावर कोणाचं नाव छापलंय ते बघा. मालकाकडे बिल मागणं अवघड वाटत असेल तर शेजाऱ्याचं बघा. छावणी परिषदेचं नाव असेल तर तक्रार 'ई-छावणी' या केंद्र सरकारच्या पोर्टलवर करायची. ते फेब्रुवारी २०२१ मध्ये सुरू झालं आणि देशभरातल्या छावण्यांसाठी एकच आहे. महापालिका किंवा नगरपरिषद असेल तर त्यांच्याकडे अर्ज द्या. कचरा आणि तुंबलेल्या गटारीसाठी केंद्राचं 'स्वच्छता' ॲपही आहे. त्यात फोटो काढून जागा नकाशावर दाखवली की तक्रार स्थानिक संस्थेकडे जाते.

कार्यालयात कागदी अर्ज दिला तर दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय बाहेर पडू नका. ऑनलाइन तक्रारीत जे काम टोकन क्रमांक करतो, तेच कागदी अर्जात आवक क्रमांक करतो. तो नसेल तर तुमचा अर्ज तिथे पोचलाच नाही, असं समजा.

विजेच्या तक्रारीसाठी महावितरणचं ॲप किंवा १९१२ हा क्रमांक. वीजजोडणी मालकाच्या नावावर असते म्हणून भाडेकरू मागे राहतात. बिलावरचा बारा अंकी ग्राहक क्रमांक जवळ ठेवा, तक्रार नोंदवताना तोच लागतो. मीटर बॉक्समध्ये ठिणग्या उडत असतील तर ॲपचा नाद सोडा आणि आधी फोन करा.

'आपले सरकार'वर तक्रार

स्थानिक कार्यालय हललं नाही की पुढची पायरी राज्य सरकारच्या 'आपले सरकार' पोर्टलची. या नावाची दोन दारं आहेत. एक दाखल्यांचं, जिथे उत्पन्नाचा, रहिवासाचा दाखला मिळतो. दुसरं तक्रार निवारणाचं. पुष्कळ लोक पहिल्या दारात शिरतात, लॉगिन करतात आणि तक्रारीचा रकाना शोधत बसतात. तुम्हाला 'तक्रार निवारण' हवं आहे. मोबाईलवर येणारा ओटीपी टाकून नोंदणी होते, मराठीत लिहिता येतं, फोटो आणि कागद जोडता येतात. जिल्हा निवडल्यावर जिल्हाधिकारी, जिल्हा परिषद, पोलीस, महापालिका यांपैकी योग्य कार्यालय निवडायचं. तक्रार गेली की टोकन क्रमांक मिळतो आणि त्या क्रमांकावर ती कुठल्या टेबलावर आहे ते पाहता येतं. उत्तरासाठी २१ कामकाजाच्या दिवसांची मुदत आहे.

इथे एक चूक टाळा. "माझा मालक दुरुस्ती करत नाही" अशी तक्रार या पोर्टलवर टाकून उपयोग नाही. तो खासगी वाद म्हणून बंद होतो. कार्यालयाने करायचं जे काम झालं नाही तेच लिहा : "अमुक तारखेला आवक क्रमांक अमुकने अर्ज दिला, इमारतीची पाहणी करावी अशी मागणी होती, अद्याप पाहणी झालेली नाही." एका तक्रारीत एकच विषय लिहा. गटार, रस्त्यावरचे दिवे आणि मोकाट कुत्री एकत्र लिहिली तर सर्वांत सोप्या कामाचं उत्तर देऊन तक्रार निकाली काढली जाते.

'निकाली' हा शब्द दिसला आणि जागेवर काहीच झालेलं नसलं, तर त्याच दिवशी जागेचा फोटो काढा आणि असमाधानी असल्याचा अभिप्राय नोंदवा. त्यानंतर माहिती अधिकाराचा अर्ज करा. फी १० रुपये, उत्तर ३० दिवसांत. प्रश्न दोनच विचारा : माझ्या अर्जावर कोणत्या तारखेला काय कारवाई झाली, आणि स्थळ पाहणीच्या अहवालाची प्रत द्यावी. पाहणी झालीच नसेल तर प्रत देता येत नाही, आणि बहुतेक वेळा त्यानंतरच कुणीतरी पाहणीला येतं. महिन्याच्या पहिल्या सोमवारचा लोकशाही दिन हाही मार्ग आहे. त्याचा अर्ज आधी द्यावा लागतो आणि जुन्या अर्जांच्या पोचा जोडाव्या लागतात. म्हणून पुन्हा सांगतो, पोच जपा.

माग ठेवायला वेगळं ॲप लागत नाही. शंभर पानी वही किंवा व्हॉट्सॲपवर फक्त घरातल्या दोघांचा गट पुरेसा आहे. तारीख, कोणाला कळवलं, क्रमांक, उत्तर काय आलं. दिवसभर घरी असणाऱ्या बहिणींना गळती आधी दिसते, मिस्त्री आला-गेला हे त्यांनाच माहीत असतं, तेव्हा वही त्यांच्या हातात असलेली बरी. इमारतीत सहा बिऱ्हाडं असतील तर सहाही जणांची नावं एका अर्जावर घाला. एकट्याला घराबाहेर काढणं सोपं असतं, सहा जणांना नाही.

इमारत धोकादायक असेल तर

ओल आणि गळतीपर्यंत ठीक, पण कॉलमला तडा गेला असेल, सळया गंजून फुगल्या असतील, दरवाजे अचानक अडकायला लागले असतील, तर पंधरा दिवसांची वाट बघू नका. महापालिका अधिनियमाचं कलम २६४ आयुक्तांना पडायला आलेल्या बांधकामावर कारवाईचा अधिकार देतं. नगरपरिषदांसाठी १९६५ च्या अधिनियमात कलम १९५ आहे. अर्जात कलम लिहिलं की तो कोणत्या टेबलावर जायचा हे ठरतं.

ऑगस्ट २०१७ मध्ये मुंबईत भेंडीबाजारातली हुसैनी इमारत कोसळली तेव्हा ती आधीच धोकादायक ठरलेली होती, तरी त्यात माणसं राहत होती आणि तीसहून अधिक जण गेले. २४ ऑगस्ट २०२० ला महाडची तारिक गार्डन इमारत पडली, तेव्हा १६ जण गेले. ती फार जुनीही नव्हती. पुढच्याच महिन्यात भिवंडीची जिलानी इमारत पहाटे कोसळली आणि पुन्हा तीसहून अधिक माणसं दगावली. नोटीस येऊनही लोक का राहतात, हा प्रश्न बाहेरून विचारणं सोपं आहे. आतल्या माणसाला माहीत असतं की एकदा बाहेर पडलो तर परत येता येणार नाही.

याच ठिकाणी कायद्याची माहिती जीव वाचवू शकते. राज्याच्या नगरविकास विभागाच्या २०१५ च्या सूचनांनुसार धोकादायक इमारतींचे चार वर्ग होतात. सी-१ म्हणजे ताबडतोब खाली करून पाडायची. सी-२ ए म्हणजे काही भाग रिकामा करून मोठी दुरुस्ती. सी-२ बी म्हणजे खाली न करता दुरुस्ती. सी-३ म्हणजे किरकोळ दुरुस्ती. नोटीस आली की पहिला प्रश्न विचारा : वर्ग कोणता आणि अहवाल कोणाचा? काही मालक जुने भाडेकरू काढण्यासाठी 'धोकादायक'चा शिक्का मिळवायला बघतात. संशय असेल तर भाडेकरूंनी मिळून आपला स्वतंत्र स्ट्रक्चरल ऑडिट अहवाल सादर करावा. आणि इमारत खरोखरच सी-१ असेल तर बाहेर पडा, पण त्याआधी आपल्या ताब्यातल्या जागेचं मोजमाप महापालिकेकडून नोंदवून त्याचा लेखी दाखला घ्या. इमारत पडली म्हणून भाडेकरूचा हक्क संपत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये शहा रतनसी खिमजी खटल्यात सांगितलंय. तो खटला आपल्याच राज्यातला, सांगली-मिरजेकडचा, महापालिकेने पाडलेल्या इमारतीचा. भाड्याच्या पावत्या, वीजबिलं, रेशनकार्ड, मोजमापाचा दाखला यांचे फोटो काढून मोबाईलबाहेरही कुठेतरी ठेवा.

ओलीकडेही "भिंतच तर आहे" म्हणून बघू नका. इंग्लंडमधल्या रॉचडेल शहरात अवाब इशाक हा सुदानहून आलेल्या कुटुंबातला दोन वर्षांचा मुलगा डिसेंबर २०२० मध्ये वारला. घराच्या भिंतींवरच्या बुरशीने त्याचे श्वसनमार्ग निकामी केले होते. वडिलांनी पहिली तक्रार २०१७ मध्ये केली होती, तेव्हा त्यांना वरून रंग मारायला सांगितलं गेलं. चौकशीत ही सगळी तक्रारींची मालिका तारखांसकट समोर आली आणि त्याच्या नावाने कायदा झाला. ऑक्टोबर २०२५ पासून तिथल्या सामाजिक गृहसंस्थांना तातडीचा धोका २४ तासांत दूर करावा लागतो. आपल्याकडे असा कायदा नाही. पण मुलाला दम लागत असेल तर डॉक्टरांच्या कागदावर घरात ओल असल्याचं लिहून घ्या आणि तो कागद मालकाच्या नोटिशीला जोडा.

सोसायटी आणि वक्फची घरं

सावेडी, केडगावकडच्या अपार्टमेंटमध्ये राहत असाल तर बाहेरच्या भिंतीतून, गच्चीतून किंवा सामाईक पाइपातून येणारी गळती सोसायटीने दुरुस्त करायची असते. भाडेकरू सभासद नसतो, म्हणून तक्रार फ्लॅटमालकाच्या नावाने सोसायटीला जायला हवी. काही सोसायट्या मायगेटसारखं ॲप वापरतात, तिथेही क्रमांक मिळतो. नवी इमारत असेल तर रेरा कायद्याप्रमाणे ताबा दिल्यापासून पाच वर्षांपर्यंत बांधकामातला दोष बिल्डरने विनाखर्च दुरुस्त करायचा असतो. हा हक्क मालकाचा, पण त्याला तो आठवण करून देणं आपल्या फायद्याचं.

वक्फच्या किंवा मशीद ट्रस्टच्या घरात-दुकानात राहणाऱ्यांची वाट वेगळी आहे. तिथे पहिला अर्ज मुतवल्लीकडे किंवा ट्रस्टकडे आणि पुढे वक्फ मंडळाकडे. मंडळाचं मुख्यालय छत्रपती संभाजीनगरला पाणचक्कीत आहे. जून २०२५ मध्ये आलेलं 'उमीद' पोर्टल वक्फ मिळकतींच्या नोंदणीसाठी आहे, गळतीच्या तक्रारीसाठी नाही. आम्हाला वाटतं की मालक जेव्हा आपलीच संस्था असते तेव्हा भाडेकरूला पोच मागायची वेळच येऊ नये. ट्रस्टच्या कार्यालयात एक तक्रार वही ठेवायला फारसा खर्च येत नाही, आणि भाडेवाढीचं पत्र जसं वेळेवर निघतं तसं दुरुस्तीचं उत्तरही निघू शकतं.

वकिलाची गरज पडली आणि पैसे नसले तर जिल्हा न्यायालयातल्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा किंवा १५१०० वर फोन करा. महिलांना उत्पन्नाची अट न लावता तिथे मोफत वकील मिळतो, म्हणून शक्य असेल तिथे भाडेकरारात घरातल्या बाईचंही नाव घालून घ्या.